टमालेचा याकुबू

कोणी त्याला ‘आफ्रिकन’ म्हटलं की याकुबू हातातलं काम थांबवायचा. पाना खाली ठेवायचा, चिंधीला हात पुसायचा आणि शीतगृहाच्या पाइपवर जो पांढरा हिमाचा थर धरलेला असे, त्यावर तर्जनीनं एक उभट चौकोन काढायचा. “हा घाना. खाली समुद्र. इथं वर टमाले. टमालेत मी.” मग शाळामास्तरासारखा विचारायचा, “आता सांग, मी कुठला?” समोरच्यानं ‘घाना’ म्हटल्याशिवाय तो पाना पुन्हा उचलायचा नाही. समोर टँकरचा ड्रायव्हर असो नाहीतर प्लांटचा गोरा मॅनेजर, परीक्षा सगळ्यांना सारखीच.

सौदीतल्या अल खर्जच्या एका डेअरीत आम्ही बरोबर होतो. रियाधच्या दक्षिणेला, वाळवंटात, गाईंच्या गोठ्यांच्या रांगाच रांगा, शेजारी दूध गार करण्याचा नि पॅकिंगचा प्लांट, आणि त्याच्या मागं आम्हा कामगारांच्या केबिनी. मी गुहागर तालुक्यातला, आयटीआय करून इलेक्ट्रिशियन म्हणून आलेला, एकोणतीस वर्षांचा. याकुबू पंचेचाळिशीचा, रेफ्रिजरेशन मेकॅनिक. वयानं एवढा मोठा, पण मी त्याला कायम एकेरीच हाक मारली. त्याच्या इंग्रजीत अहो-जाहो नव्हतं आणि त्याच्या कॅम्पातल्या हिंदीत तर सगळी दुनियाच ‘तुम’ होती. त्याचं बोलणं म्हणजे इंग्रजी, हिंदी आणि अरबीची खिचडी. मी इथं ते माझ्या मराठीत सांगतो आहे, त्यामुळे त्यातली निम्मी मजा गेलीच म्हणायची.

आमची पहिली भेट माझ्या डोक्याला टेंगूळ येऊन झाली. कामाचा पहिलाच दिवस. कॉम्प्रेसरच्या खोलीत वाकून चालायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खाडकन पाइपवर डोकं आपटलं. कोपऱ्यात पाठमोरा बसलेला एक उंच, काळाभोर माणूस वळला आणि कळवळून म्हणाला, “सॉरी! सॉरी!” मला वाटलं, पाइप यानंच चुकीचा बसवलेला दिसतो. मी तणतणत त्याला दोन शब्द सुनावले. तो शांतपणे ऐकत राहिला, मग बर्फाचा खडा फडक्यात गुंडाळून त्यानं माझ्या कपाळावर धरला. पुढं कळलं की त्याच्या देशात दुसऱ्याला लागलं की सॉरी म्हणायची पद्धतच आहे. चूक कोणाची हा प्रश्न तिथं येतच नाही. “तुमच्याकडे काय म्हणतात?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “आमच्याकडे म्हणतात, बघून चालता येत नाही का?” तो एवढा हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्याची अशी बरीच वाक्यं कॅम्पात प्रसिद्ध होती. जेवायला बसला आणि दारावरून कोणीही गेलं की ताटावरून हात उचलून म्हणायचा, “यू आर इन्व्हायटेड!” ताटात असायचं ते एका माणसापुरतंच. पण आमंत्रण खरं असायचं. मी एकदा परीक्षा म्हणून आत जाऊन बसलो, तर त्यानं खरोखरच ताट मधोमध सरकवलं. दुसरं वाक्य, “आय अ‍ॅम कमिंग.” हे तो निघून जाताना म्हणायचा. म्हणजे जाऊन येतो. आपण म्हणतो तसंच, पण त्यातलं ‘जाऊन’ त्यानं गाळलेलं. सुरुवातीला या ‘कमिंग’च्या भरवशावर मी भर उन्हात तासभर शिडी धरून उभा राहिलो होतो.

आमची खरी दोस्ती जमवली ती सुकटीनं. आईनं बरोबर दिलेली सुकट मी एका शुक्रवारी भाजायला घेतली. मेसचे आचारी इब्राहिमभाई दापोलीकडचे, त्यांनी कौतुकानं तवा दिला होता. पण वास सुटल्याबरोबर आजूबाजूच्या केबिनींतून आरडाओरडा सुरू झाला. कोणी म्हणालं गटार फुटलं, कोणी म्हणालं गाय मेली. इब्राहिमभाई चिडून म्हणाले, “ओरडू देत रे त्यांना, कदमा. ह्यांच्या सात पिढ्यांनी समुद्र बघितलेला नाय.” तेवढ्यात याकुबू वासाच्या मागावर आला. हातात स्वतःचा डबा. डब्यात बोटाएवढ्या सुक्या मासळ्या, त्याच्या बायकोनं पाठवलेल्या. त्यानं डबा उघडून माझ्या नाकाखाली धरला आणि मला एकदम घरच्या माळ्यावर उभं असल्यासारखं झालं.

त्या दिवशी त्यानं आम्हाला जेवू घातलं. मक्याच्या पिठाचा उकडीसारखा मऊ गोळा आणि भेंडीचं बुळबुळीत कालवण, त्यात ती मासळी. इब्राहिमभाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “भेंडीचा पार शेंबूड केलान. पण चव आहे हो.” मी भाषांतर करताना शेंबूड गाळला. याकुबू खूष होऊन सांगू लागला, त्यांच्या बाजारात हे विकायला बसणाऱ्या बायका किती जाड्या आणि किती खमक्या असतात, मंत्र्यालाही उधार देत नाहीत. व्हॅनगाड्यांच्या पाठीवर मालक काय काय रंगवून घेतात. डिसेंबरात सहारातून धुळीचा वारा सुटतो आणि महिनाभर ओठ फुटतात, मग शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी चोळतात. त्या लोण्याची एक डबी त्यानं मला दिली. माझ्या फुटलेल्या टाचा पंधरा दिवसांत भरून आल्या. “घानाची झाडं,” एवढंच तो म्हणाला, जणू सगळी झाडं त्यानं स्वतः लावली होती.

खरं सांगायचं तर त्याचा हा देशाभिमान मला तेव्हा जरा पोरकट वाटायचा. आम्ही इथं दोन पैसे कमवायला आलेली माणसं. देश म्हणजे पासपोर्टचं कव्हर आणि क्रिकेटचा सामना. याकुबूचा पगार माझ्यापेक्षा फारसा जास्त नव्हता, त्याच्या देशाची हालत बरी नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मग एवढा तोरा कशाचा? एकदा मी त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, “सांगीन. तुला गरज पडेल तेव्हा सांगीन.”

ती गरज ऑगस्टमध्ये पडली. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि आठवड्याभरात आमच्या डोक्यावरून अमेरिकी विमानं जाऊ लागली. जवळच त्यांचा तळ पडला. गाई बिथरल्या, दूध घटलं. रियाधमधल्या बत्हाच्या बाजारात लोक बॅगा, दोऱ्या आणि खिडक्यांना लावायची चिकटपट्टी विकत घेत होते. एका शुक्रवारी मी तिथल्या टेलिफोनच्या रांगेत चार तास उभा राहिलो. गावात एका किराणावाल्याकडे फोन होता, तिथं बायकोला, सुलभाला, बोलावून घेतलेलं. ती पाच महिन्यांची गरोदर होती. “काही नको आम्हाला, तुम्ही आधी घरी या,” एवढंच तिनं तीनदा म्हटलं आणि लाइन तुटली.

परत आल्यावर मी बॅग भरायला घेतली. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, देश सोडायच्या परवान्याची, एक्झिटची, सही कफीलच्या म्हणजे मालकाच्या हातात, सगळं मला माहीत होतं, तरी मी कपडे कोंबत होतो. याकुबू दारात उभा राहिला. आत आला नाही. आपल्या केबिनीत जाऊन कॉटखालची एक मोठी, पट्ट्यापट्ट्यांची प्लास्टिकची पिशवी घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवली.

“हिचं नाव माहीत आहे? ‘घाना मस्ट गो’. घानावाल्यांनो, चालते व्हा. नाव त्यांनी ठेवलं. पिशवी माझी आहे.”

मग त्यानं सांगितलं. सात-आठ वर्षांपूर्वी तो नायजेरियात, लागोसच्या बंदरावर माशांच्या शीतगृहात कामाला होता. घानाची माणसं तिथं खूप, जसे आपण इथं. एक दिवस रेडिओवर हुकूम आला, परदेशी लोकांनी दोन आठवड्यांत देश सोडावा. रात्रीत या पिशव्या महाग झाल्या. ट्रकवर, टपावर, पायी, जसं जमेल तसे सगळे निघाले आणि वाटेतल्या सरहद्दीवर अडकले, कारण पुढची नाकी बंद होती. उघड्यावर दिवसामागून दिवस. पाणी विकत. शेजारी बाई बाळंत झाली, ती ट्रकच्या सावलीत.

“आणि घरी काय होतं, माहीत आहे? दुष्काळ. शेतं जळालेली. आमच्याकडे लोक तेव्हा गळ्याखालच्या हाडांना दागिना म्हणायचे, एवढी ती वर आलेली. आम्हाला वाटलं, हे लोक आपल्याला कशाला घेतील? त्यांनाच खायला नाही. शेवटी नाकं उघडलं. आमचा ट्रक हद्दीतून आत गेला, आणि रस्त्याच्या कडेला बायका उभ्या होत्या. हातात पाण्याची भांडी, पानात बांधलेले मक्याचे उकडलेले गोळे. एकेकीच्या हाताच्या काड्या झालेल्या. एकीनं मला गोळा दिला. मी अर्धा मोडून परत द्यायला लागलो तर माझ्यावर ओरडली. म्हणाली, पाहुणा आहेस का? घरी आलायस, खा.”

त्यानं पिशवीवरची धूळ तळहातानं पुसली.

“कादाम, त्याआधी मी फक्त तिथं जन्मलो होतो. घानावाला झालो तो त्या दिवशी.”

माझं आडनाव त्याच्या तोंडी कायम कादाम असंच यायचं. त्यानं माझ्या बॅगेतले कपडे एक-एक काढून घड्या घालून परत खणात ठेवले. “सही मिळेल तेव्हा जा. जरूर जा. पण घाबरून भरलेल्या बॅगेत नको ते येतं आणि हवं ते राहतं. मी तिथून निघताना भिंतीवरचं घड्याळ घेतलं होतं, आणि औषधं विसरलो होतो.”

मला सही मिळालीच नाही. गाईंचं दूध काढणं थांबवता येत नाही आणि प्लांट बंद ठेवता येत नाही, असं कंपनीचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. डिसेंबरात मला मुलगी झाल्याची तार आली. याकुबूनं बाजारातून खारीक आणून अख्ख्या कॅम्पात वाटली, जणू आजोबा तोच.

जानेवारीत लढाई सुरू झाली. आम्हाला प्रत्येकाला कॅनव्हासच्या पिशवीत एकेक गॅसचा मास्क मिळाला. तो घेऊन झोपायचं, तो घेऊन संडासला जायचं. याकुबूनं आपला मास्क उलटासुलटा करून पाहिला आणि आम्हाला बजावलं, “हा लढाईच्या गॅससाठी. आपलं दूध गार करणाऱ्या अमोनियाला हा चालणार नाही. त्याचा मास्क प्लांटच्या दारामागं आहे, तो वेगळा.” आम्ही मान डोलावली आणि विसरलो. भीती आम्हाला आकाशाची होती.

त्याच धांदलीत एका सकाळी तो मेसच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात पट्ट्या जोडून शिवलेला, निळा-पांढरा, घेरदार जाड सुती अंगरखा. त्यांच्या उत्तरेचा पोशाख. शुक्रवार नव्हता, ईद नव्हती. आम्ही दहा-बारा भारतीय चहा पीत होतो.

“हॅपी युवर डे!” तो म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इब्राहिमभाईंनी बोटांवर मोजलं आणि कपाळावर हात मारला. सव्वीस जानेवारी होती.

“तुमचा झेंडा कुठाय?” याकुबूनं विचारलं. झेंडा नव्हता. “मग गाणं?” गाणं सगळ्यांना येत होतं, असं वाटत होतं. आम्ही उठून उभे राहिलो, कमरेला मास्कच्या पिशव्या लटकलेल्या. पहिल्या दोन ओळी जोरात झाल्या, मग निम्मे गडबडले, एक केरळचा पोरगेलासा वेल्डर न चुकता पुढं म्हणत राहिला आणि आम्ही त्याच्या मागं मागं शेवटाला पोचलो. याकुबू सगळा वेळ छातीवर हात ठेवून ताठ उभा होता.

मग चहा घेताना त्यानं आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना फौजेत भरती करून ब्रह्मदेशात लढायला नेलं, मुंबईमार्गे. “बापानं मुंबईच्या बाजारात पाहिलं, साधी माणसं, भाजी घेणारी, उघड म्हणत होती की इंग्रजांनी जावं. बापाला पटेना. घाबरून इकडंतिकडं पाहिलं, पोलीस तर नाही? परत आल्यावर गावात सांगायला लागला, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, असं बोलता येतं. तुम्ही आमच्या दहा वर्षं आधी सुटलात. मग आम्ही. आमच्या भागात, सहाराच्या खाली, आम्ही पहिले. मी अकरा वर्षांचा होतो. शाळेत कागदी झेंडे दिले होते, बाप माझा झेंडा माझ्याकडून मागून घेऊन स्वतःच हलवत होता.” तो इब्राहिमभाईंकडे वळला. “तुमचा दिवस तुम्हीच विसरलात तर माझ्या बापाचं काय?”

इब्राहिमभाईंनी त्या दिवशी रेशनमधली सगळी साखर घालून शिरा केला. गोऱ्या मॅनेजरकडेही एक ताटली गेली.

अमोनियाचा प्रकार त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी झाला. दुपारच्या धारांची वेळ. एक विमान एवढ्या खालून आणि एवढ्या वेगानं गेलं की आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. गोठ्यांचे पत्रे थरथरले, गाई दावणी तोडायला लागल्या. आणि मिनिटाभरात डोळ्यांत तिखट घुसावं तसा वास आला. कोणीतरी ओरडलं, “केमिकल! केमिकल!” मग काय, सगळे मास्क चढवून वाळवंटाकडे पळत सुटले.

मीही पळालो. हे मी लपवणार नाही. वैरणीच्या गंजीपर्यंत पळालो, तिथं दम लागला म्हणून थांबलो, तेव्हा लक्षात आलं की मास्कमध्येही तोच वास येतोय. रोजचा, ओळखीचा, फक्त शंभरपट. अमोनिया. प्लांटमधल्या टाकीची पातळी दाखवणारी काचनळी फुटली होती. वळून पाहिलं तर सगळ्यांच्या उलट दिशेनं एकटा याकुबू चालला होता. पळत नव्हता, चालत होता. हौदात बुडवलेलं गोणपाट अंगावर घेतलेलं. दारामागचा मास्क चढवण्याआधी त्यानं मागं वळून एकच हाक मारली, “कादाम! फॅन!”

हवा बाहेर फेकणारे पंखे बंद पडले होते. त्यांचा बोर्ड प्लांटच्या मागच्या भिंतीवर, बाहेरून. तो माझा बोर्ड होता. त्याला माहीत होतं की मी पळालोय, आणि त्याला हेही माहीत होतं की हाक ऐकली तर मी येईन. मी गेलो. डोळे मिटून, हातानं चाचपत, ब्रेकर वर केला. पंखे घरघरले. किती वेळ गेला कोण जाणे. मग वाल्व फिरवण्याचा आवाज थांबला आणि याकुबू गुडघ्यांवर रांगत दारातून बाहेर आला. आम्ही दोघा-तिघांनी त्याच्यावर हौदातलं पाणी ओतलं, ओतत राहिलो. मास्कचा हवा गाळणारा डबा जुना होता, तो मध्येच निकामी झाला होता. तळहातांची कातडी सुटली होती. छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. माझ्या डोळ्यांतून धारा लागलेल्या पाहून तो पुटपुटला, “सॉरी.”

पलीकडच्या गोठ्यात धारा काढणारी बारा माणसं दार अडकल्यामुळं आतच राहिली होती, हे आम्हाला नंतर कळलं. त्याला आधीपासून माहीत होतं. तो म्हणूनच गेला होता.

तो रियाधच्या इस्पितळात होता तेव्हाच लढाई संपली. परत आला तो हातांना पट्ट्या बांधून, दहा पावलांवर थांबत. कंपनीनं त्याच्या सत्काराचा कार्यक्रम ठेवला. योगायोगानं दिवस निघाला सहा मार्च, त्याच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. स्वारी तो अंगरखा घालून आली. मॅनेजरनं भाषण केलं आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्र पुढं केलं. याकुबूनं ते हातभर लांब धरून वाचलं आणि परत दिलं.

“सर, यात लिहिलंय, सुदानचा याकुबू. सुदान फार चांगला देश आहे. पण तिथं मला कोणी ओळखत नाही.”

हशा पिकला. मॅनेजर लालबुंद झाला. दुसरं पत्र आलं, त्यात गिनी होतं. तेही परत गेलं. तिसऱ्यात घाना होतं, बरोबर स्पेलिंगसकट. तेव्हा त्यानं ते पट्टी बांधलेल्या उजव्या हातात घेतलं आणि म्हणाला, “आता हे माझ्या बायकोला दाखवता येईल. आधीची दोन पाहिली असती तर तिनं विचारलं असतं, हा कोणाचा नवरा?”

पुढच्याच महिन्यात मॅनेजरनं आम्हा दोघांना बोलावलं. कुवेतमधली शीतगृहं पुन्हा उभी करायचं मोठं काम निघालं होतं. पगार दुप्पट. मी तिथल्या तिथं हो म्हटलं. याकुबू म्हणाला, “मला एक्झिट हवा.”

मी त्याच्यावर चिडलो. बाहेर आल्यावर म्हटलं, “फुप्फुसं गेली, हात गेले, आता कुठं चार पैसे दिसतायत तर घरी निघालास! तिथं तुला काय मिळणार आहे?”

तो केबिनीच्या पायरीवर बसला. त्याची मोठी मुलगी मेमुना टमालेच्या सरकारी इस्पितळात नर्स होती. तिच्या पत्रांतून त्याला कळलं होतं की तिथली लस ठेवायची गार खोली कधीची बंद पडली आहे, मेकॅनिक सगळे परदेशात. इथपर्यंत मला माहीत होतं. पुढचं त्यानं कधीच सांगितलं नव्हतं.

“मेमुनाच्या पाठची एक होती. रमातू. चार वर्षांची. गोवरानं गेली. मी लागोसला होतो. बायकोनं तिला लस टोचून आणली होती, वेळेवर, चार मैल चालत जाऊन. पण ती लस गरम झालेली होती. पाणी टोचल्यासारखं.” त्यानं पट्टीतले हात मांडीवर ठेवले. “मी त्या दिवशी लागोसमध्ये दुसऱ्यांचे मासे गार ठेवत होतो, कादाम.”

नंतर म्हणाला, “कुवेतला मेकॅनिक मिळेल. चांगला पगार आहे, शंभर मिळतील. टमालेला कोण जाईल?”

त्याला विमानतळावर सोडायला मी आणि इब्राहिमभाई गेलो. इब्राहिमभाईंनी वाटेसाठी भेंडीची भाजी नि रोट्या बांधून दिल्या होत्या, या खेपेला भेंडी कोरडी. मी माझा मल्टिमीटर त्याला दिला. आत जाताना त्यानं आम्हा दोघांचे हात एकत्र धरले.

मी कुवेतला गेलो. वर्षातून दोन-तीनदा त्याची पत्रं यायची, भाजलेल्या हातानं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेली. पहिल्यात होतं, गार खोलीच्या दाराचं रबर मिळत नाही, ट्रकच्या ट्यूबचं कापून लावलंय. दुसऱ्यात, कॉम्प्रेसर चालू झाला. सगळ्या नर्सा आळीपाळीनं आत जाऊन गार वाऱ्यात उभ्या राहिल्या. तिसऱ्यात, शहरात वीज सारखी जाते, गार खोलीसाठी जुना जनरेटर दुरुस्त केलाय, मोहल्ल्यातल्या लोकांना तो सुरू करायला शिकवतोय, कारण मला आता इस्पितळापर्यंत चालवत नाही. पगाराबद्दल एकदाही काही नव्हतं. माझ्या मुलीचा फोटो मात्र दर वेळी मागायचा. तिला सगळ्या लसी दिल्या का, हेही विचारायचा.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत पत्र आलं ते वेगळ्या, सुबक अक्षरातलं. मेमुनाचं. धुळीच्या वाऱ्यात वडिलांचा श्वास लागला आणि दोन दिवसांत ते गेले, असं तिनं लिहिलं होतं. पुढं लिहिलं होतं:

‘दुपारी दफन होतं. अंगणात खूप माणसं जमली होती, एवढी आहेत हे आम्हालाही माहीत नव्हतं. जनाजा उचलायची वेळ झाली आणि वीज गेली. चार माणसं उठली आणि इस्पितळाकडे निघाली. इमामसाहेब म्हणाले, थांबू. आम्ही सगळे उन्हात थांबलो. लांबून जनरेटरचा आवाज ऐकू आला, ती चार माणसं परत आली, आणि मग वडिलांचा जनाजा उचलला.’

मी ते पत्र दोनदा वाचलं. मग ऑफिसात जाऊन सांगितलं, माझं कंत्राट पुढं वाढवू नका, मला घरी जायचंय.